पाऊस पडला की घरात पैसा किडे: फवारूनही परत का येतात आणि मूळ कुठे शोधायचं

पाऊस सुरू होतो, दोन-तीन रात्री चांगला कोसळतो, आणि सकाळी पाहावं तर न्हाणीघरात, जिन्याखाली, मागच्या दाराच्या कोपऱ्यात तपकिरी-काळे किडे वेटोळं घालून पडलेले असतात. झाडून टाकले, औषध फवारलं, तरी दुसऱ्या दिवशी तितकेच. पंधरा-वीस दिवसांत ते आपोआप कमी होतात, आपण विसरून जातो, आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास तेच सुरू होतं. सलग तीन वर्षं मी हे अनुभवलं. पहिली दोन वर्षं चुकीच्या जागी मेहनत केली, तिसऱ्या वर्षी मूळ सापडलं. ज्यांच्याकडे हा त्रास दरवर्षी उलटतो त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

डिवचलं की नाण्यासारखं गोल होतो म्हणून याला पैसा म्हणतात. कुठे वाणी, कुठे वाणू, पुस्तकात सहस्रपाद किंवा मिलिपीड. नाव कुठलंही असो, एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरात दिसणारा पैसा किडा हा प्रवासाच्या शेवटाला पोचलेला असतो. तो निघतो बाहेरून, बहुतेक वेळा भिंतीला लागून असलेल्या दोन-तीन फुटांच्या ओल्या पट्ट्यातून. फवारणी आपण करतो ती शेवटाच्या जागी, म्हणून ती दरवर्षी करावी लागते.

आधी ओळख पक्की करा

गोम आणि पैसा यांची गल्लत फार होते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी असते, पाय बाजूला पसरलेले दिसतात, ती वेगाने पळते, शिकार करते आणि डोक्यामागच्या विषारी नख्यांनी चावते. पैसा किड्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. डोक्यामागचं पहिलं वलय बिनपायाचं, पुढची तीन एकेका जोडीची, आणि तिथून पुढे दोन-दोन. पाय अंगाखाली असतात, चालताना त्यांच्यातून लाट सरकत गेल्यासारखी दिसते, चाल संथ. त्याला विषाची नखी नाही, तो चावत नाही.

हजार पाय हे नाव बहुतेक जातींना लागू पडत नाही. अनेकांना शंभर ते चारशेच्या आसपास पाय असतात. खरोखर हजाराच्या पुढे गेलेली जात २०२१ साली जगासमोर आली. पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजांच्या शोधासाठी पाडलेल्या भोकात, जमिनीखाली ६० मीटरवर सापडलेल्या युमिलिपिस पर्सेफोनी या जातीच्या एका मादीला १,३०६ पाय मोजले गेले. लांबी दहा सेंटिमीटरहूनही कमी, रंग फिकट, डोळे नाहीतच. हा प्राणी मुळात मातीच्या आतला आहे, हे या एका उदाहरणावरून जितकं ठसतं तितकं दुसऱ्या कशानेच ठसत नाही.

हा कीटकही नव्हे. गोमेप्रमाणेच तो बहुपाद संधिपादांतला आहे, आणि त्याच्या सुमारे १२,००० जातींचं वर्णन झालेलं आहे. त्यामुळे तुमच्या दारात आलेली जात नेमकी कुठली हे ओळखायला तज्ज्ञच लागतो. सुदैवाने निवारणासाठी त्याची गरज पडत नाही. अंग नळीसारखं गोल आहे की वर चपटं आणि कडेला पंख फुटल्यासारखं, एवढं पाहिलं तरी पुरे.

तो घरात का मरतो, हे समजलं की निम्मं कोडं सुटतं

सकाळी सापडणाऱ्या किड्यांपैकी बरेच मेलेले किंवा मरायला टेकलेले असतात. लोक म्हणतात, औषधाने मेले. मीही तसंच समजत होतो. मग एका वर्षी मुद्दाम काहीही न फवारता पाहिलं, आणि तरी ते तसेच मेलेले सापडले.

कारण त्याच्या शरीरात आहे. कीटकांच्या कवचावर मेणासारखा पातळ थर असतो, तो आतलं पाणी उडू देत नाही. पैसा किड्याचं कवच चुन्याने, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटने टणक झालेलं असतं, पण बहुतेक जातींत तो मेणाचा थर पुरेसा नसतो. शिवाय श्वास घ्यायची भोकं पायांच्या बुडाशी असतात आणि अनेक कीटकांप्रमाणे ती त्याला घट्ट मिटता येत नाहीत. कोरड्या फरशीवर तो काही तासांपासून एक-दोन दिवसांत सुकून जातो. श्वासाच्या याच भोकांमुळे त्याचं कूळ जमिनीवर टिकलं: स्कॉटलंडमध्ये स्टोनहेवनजवळ सापडलेल्या न्यूमोडेस्मस न्यूमनी या पैसा किड्याच्या जीवाश्मात अशी भोकं दिसतात, आणि तो ४० कोटी वर्षांहून जुना आहे. हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचा इतका जुना पुरावा फार थोडा आहे.

तर मग कोरड्या घरात तो येतोच कशाला? इथेच लोकांची समजूत अडते. त्याला ओल हवी, पण भिजून चिंब माती नको. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, त्या हवेवर तो जगतो. सलग पावसाने त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्याला वर यावं लागतं. वर आला की तो उंचावर, आडोशाला, अंधाऱ्या फटीकडे सरकतो. भिंत ही त्याच्या दृष्टीने मोठा दगडच. तिच्या कडेकडेने चालत जो उंबरठा आधी लागेल तिथून तो आत येतो. उलट फार दिवस पाऊस उघडला आणि माती तडकली, तरी तो ओलीच्या शोधात निघतो. म्हणजे वर्षातून दोनदा त्रास होत असेल तर कारणं वेगळी असू शकतात: एकदा पुराने हाकललेला, एकदा तहानेने निघालेला. काही जातींत जोडीदार शोधण्याच्या हंगामातही मोठी हालचाल होते.

यातून निदानाला उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. घरात तो अंडी घालून वाढत नाही, त्याला तिथे ना माती ना खाणं. अपवाद दोनच: घरातल्या कुंड्या, आणि जिथे फरशीखाली कायम ओल मुरते अशी जागा. या दोन्हींबद्दल पुढे येईल.

माग काढायची रीत

घराभोवती फिरून अंदाज बांधू नका, अंदाज चुकतो. मी दोन वर्षं मागच्या कचऱ्याच्या खड्ड्याला दोष देत होतो, आणि किडे येत होते बाजूच्या फुलझाडांच्या वाफ्यातून.

पहिलं काम आतलं. चार-पाच दिवस सकाळी किडे झाडण्याआधी कुठल्या खोलीत किती आहेत ते लिहून ठेवा. मेलेले कुठे आहेत याला फार महत्त्व देऊ नका, कारण ते आत येऊन बरंच चाललेले असतात. जिवंत, चपळ, अंगावर तकाकी असलेले जिथे सापडतात ती जागा शिरकावाच्या जवळची. निस्तेज, कडक झालेले दूरच्या खोलीत मिळतात. दोन-तीन दिवसांत नकाशा तयार होतो.

दुसरं काम रात्रीचं. हे निशाचर आहेत. पाऊस थांबल्यावर अंधार पडून दोनेक तास झाले की विजेरी घेऊन घराला एक फेरी मारा. भिंतीच्या बुडाशी, जोत्यावर, पायऱ्यांच्या कडेला बघा. ते ओळीने नसतात, पण एखाद्या बाजूला एकदम दाट दिसतात.

तिसरं काम मला सगळ्यात उपयोगी पडलं. घराच्या चारही बाजूंना, भिंतीपासून हातभर अंतरावर, एकेक ओलं गोणपाट किंवा ओली फळी मातीवर आडवी टाका आणि सकाळी उचलून खालचे किडे मोजा. तीन दिवस मोजल्यावर कुठली बाजू भरलेली आहे हे स्पष्ट होतं. माझ्याकडे तीन बाजूंना दोन-चार, आणि चौथ्या बाजूला एका फळीखाली तीसच्या वर निघाले. त्या बाजूचा वाफा जोत्याला टेकवून बांधलेला होता, आणि दरवर्षी खत-माती घालून घालून त्याची पातळी आतल्या फरशीच्या वर गेली होती. भिंतीची ओल, उखडणारा रंग, तिथेच सुटलेला गिलावा, सगळ्यांचा उगम तोच होता. किड्यांनी आधीच दाखवलेली गोष्ट मी तिसऱ्या वर्षी पाहिली.

सापडलेली जागा कशी बदलायची

त्या पट्ट्यात किडा तीन गोष्टींसाठी राहतो: ओल, कुजणारा पाला, आणि वरून झाकण. कुजका पाला, मऊ झालेलं लाकूड, बुरशी हे त्याचं खाणं. त्यातला थोडाच भाग त्याला पचतो, उरलेला बारीक होऊन लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्यावर सूक्ष्मजीव वाढले की काही जाती त्या लेंड्याही पुन्हा खातात. पाल्याची माती करणाऱ्या साखळीत त्याची जागा फार मोलाची आहे. म्हणून पूर्ण बागेतून त्याला उखडून काढण्याचा विचार मला पटत नाही. भिंतीला लागून असलेला पट्टा तेवढा त्याच्यासाठी गैरसोयीचा करायचा.

मी केलं ते असं. वाफ्याची माती जोत्यापासून दीड-दोन फूट मागे ओढली आणि फरशीच्या पातळीच्या चांगली खाली नेली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात जाड खडी टाकली, जेणेकरून पाणी उभं राहणार नाही आणि ऊन लागलं की पट्टा लवकर सुकेल. पालापाचोळ्याचं आच्छादन झाडांच्या बुंध्याशी ठेवलं, भिंतीशी नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या फरश्या आणि फळ्या हलवल्या. त्यांच्या खाली पिल्लांची गर्दी होती, पांढुरकी, मोठ्यांहून बरीच लहान. छपराच्या पागोळ्यांचं पाणी थेट जोत्याशी पडत होतं, तिथे पन्हळ लावून ते दूर सोडलं.

बाहेरचा गळका नळ, कुंड्यांखालच्या पाण्याने भरलेल्या ताटल्या, संध्याकाळी झाडांना पाणी घालायची सवय, याही गोष्टी बघा. पाणी सकाळी घातलं तर रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो, आणि किडा बाहेर पडतो तो रात्रीच.

मग फटी. दाराखालून उजेड दिसत असेल तर तिथून तो येतोच; रबरी पट्टी लावा, पण ती दोन्ही टोकांना चौकटीला टेकली पाहिजे. बहुतेकांची पट्टी मधे नीट असते आणि कोपऱ्यात बोटभर जागा उरते. नळ आणि वायर भिंतीतून जिथे आत शिरतात ती भोकं, सांडपाण्याच्या जाळीची कड, खिडकीच्या सरकत्या चौकटीतली पाणी जायची छिद्रं, ही नेहमी विसरली जाणारी ठिकाणं. पाणी जायची छिद्रं मात्र बंद करू नका, त्यांना बारीक जाळी लावा.

एक बारकावा फार कमी लोक वापरतात. पैसा किडा खडबडीत गिलाव्यावर सहज चढतो, पण गुळगुळीत उभ्या पृष्ठभागावर त्याचे पाय टिकत नाहीत. उंबरठ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा जोत्यावर आडवी, रुंद, गुळगुळीत पट्टी बसवली तर बरेच किडे तिथूनच परततात. हा उपाय ऑस्ट्रेलियात चांगलाच रुळला, कारण तिथे ओमॅटोयुलस मोरेलेटी ही पोर्तुगालकडची जात १९५० च्या दशकात बंदरातून शिरली आणि दक्षिण भागात घराघरांत घुसू लागली. याच जातीवरून दिव्याचीही गोष्ट कळली: ती रात्री उजेडाकडे ओढली जाते. तुमची जात तशी आहे का ते एका प्रयोगात कळेल. दोन रात्री मागच्या दाराचा दिवा लावून ठेवा, दोन रात्री बंद, आणि सकाळी मोजा. फरक दिसला तर पडदे ओढून घेणं आणि बाहेरचा दिवा विझवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

औषध का पुरत नाही

फवारणीला माझा सरसकट विरोध नाही, पण या किड्यापुढे ती तोकडी पडते. फवारा पडतो वर, किडे असतात मातीत आणि पाल्याखाली. पाऊस औषध धुऊन नेतो, आणि नेमके त्याच पावसात ते निघतात. औषध लागलेला किडाही लगेच मरत नाही, चालत आत येऊन मरतो, म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशी घरात जास्तच मेलेले दिसतात. शिवाय त्याच मातीतले भुंगेरे आणि कोळीही मरतात, जे या किड्यांवर आणि इतर किडींवर नियंत्रण ठेवतात.

मीठ टाकायचा सल्ला अनेक जण देतात. कृपा करून टाकू नका. किडा सुकेल, पण मीठ मातीत आणि भिंतीत मुरतं, झाडं जळतात, गिलावा फुगतो, आणि मीठ हवेतली ओल ओढत राहतं. बारीक सिलिकाची माती, म्हणजे डायटमची भुकटी, कोरड्या फटीत काही काळ काम करते. भिजली की तिचा उपयोग संपतो.

हाताळताना

किडा चिरडू नका. अंगाच्या बाजूला त्याला ग्रंथींची बारीक छिद्रं असतात, त्यांतून संरक्षणासाठी द्रव सुटतो. गोल अंगाच्या अनेक जातींत त्यात बेंझोक्विनोन असतात. त्वचेला लागलं की तपकिरी डाग पडतो, तो काही दिवस जात नाही, कधी जळजळ होते. चपट्या अंगाच्या जातींत हायड्रोजन सायनाइड तयार होतं आणि कडू बदामासारखा वास येतो. माणसाला धोका होईल इतकं ते प्रमाण नसतं, पण डोळ्यात गेलं तर मात्र ती गंभीर बाब आहे: भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. लहान मुलं किडा हातात घेऊन डोळे चोळतात, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवा. सुपलीत झाडून भरा, हात लावावा लागला तर नंतर साबणाने धुवा. चिरडले की फरशीवरही डाग राहतात.

कुंडी, गच्ची आणि वरचे मजले

पाऊस नसताना, वर्षभर, थोडे थोडे दिसत असतील तर बाहेरचा माग काढण्यात वेळ घालवू नका. घरातल्या कुंड्या तपासा. ऑक्सिडस ग्रॅसिलिस ही सुमारे दोन सेंटिमीटरची, तपकिरी, फिकट कडांची चपटी जात रोपांच्या मातीबरोबर जगभर पसरली आहे आणि ती कुंडीत सुखाने वाढते. कुंडी उचलून बूड बघा, निचऱ्याच्या भोकाशी ते जमतात. वरचा दोन बोटं थर सुकू द्या, ताटलीत पाणी ठेवू नका. गर्दी फार असेल तर माती बदला आणि कुंडी घासून घ्या. कोवळ्या रोपांच्या मुळांना किंवा उगवणाऱ्या बियांना कधी कधी ते कुरतडतात, विशेषतः मातीत कुजका पाला उरला नसेल तर. एरवी झाडाला त्यांचा त्रास नसतो.

वरच्या मजल्यावर येत असतील तर दोनच शक्यता: खडबडीत भिंतीवरून चढतात, किंवा गच्चीवरच्या वाफ्यातून उतरतात. रात्री विजेरीने भिंत पाहिली की कळतं. आणि एकाच खोलीत, कुंडी नसताना, वर्षभर जिवंत किडे मिळत असतील तर फरशीखाली नळ गळतो आहे का ते तपासून घ्या. तिथे प्रश्न किड्यांचा उरत नाही.

फरक कधी दिसेल

इथे धीर सुटतो, म्हणून नीट सांगतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पायांच्या तीनच जोड्या असतात. दर वेळी कात टाकताना वलयं आणि पाय वाढत जातात. कात टाकायला तो मातीत छोटी पोकळी करून तिच्यात बसतो, कवच मऊ असेपर्यंत बाहेर येत नाही, आणि टाकलेली कात बऱ्याचदा खाऊन टाकतो, कारण तिच्यातला चुना त्याला परत हवा असतो. जातीनुसार पूर्ण वाढीला काही महिने ते काही वर्षं लागतात. जपानच्या होन्शू बेटावरच्या डोंगराळ भागात पॅराफॉन्टॅरिया लॅमिनाटा आर्मिगेरा या उपजातीची पूर्ण पिढी आठ वर्षांच्या चक्रात वाढते आणि एकदम बाहेर पडते. १९२० साली रुळांवर त्यांचे इतके थर साचले की आगगाड्या थांबवाव्या लागल्या. मधल्या वर्षांत ते तिथे नसतात असं नाही. ते मातीत असतात, लहान असतात, दिसत नाहीत.

तुमच्या वाफ्यातही आज उद्याची पिढी आहे. फटी बंद केल्या तर घरातली संख्या त्याच हंगामात घटते, कधी आठवड्यात. पण बाहेरची संख्या कमी व्हायला माझ्याकडे पुढचा पूर्ण हंगाम गेला. बाहेर पट्टा नीट केल्याच्या पहिल्या पावसात किडे उलट वाढल्यासारखे वाटले होते, कारण उकरलेल्या मातीतले सगळे एकदम वर आले. त्या वेळी घाबरून फवारणी केली असती तर पुढे काय उपयोगी पडलं आणि काय नाही, हे कधीच कळलं नसतं. म्हणून मोजणीची वही दोन हंगाम तरी चालू ठेवा: तारीख, पाऊस, कुठल्या दारात किती. माझ्या वहीत सुरुवातीला सकाळी चाळीस-पन्नासचे आकडे आहेत, त्यानंतरच्या वर्षी बारा-पंधरा, आणि आता जोराच्या पावसानंतर दोन-चार.

ते दोन-चार मी सुपलीत घेऊन कुंपणाकडच्या झाडाखाली, जुन्या पाल्याच्या ढिगावर सोडतो. भिंतीपासून ती जागा लांब आहे. तिथून माघारी आलेले असतील तर वहीतल्या आकड्यांत ते अजून दिसलेले नाहीत.